ओतीव चांदीचं अष्टकोनी मेणबत्तीदान: कामाच्या नोंदी

काम असं: अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये होत होती तसलं, आठ पैलूंचं चांदीचं मेणबत्तीदान त्याच पद्धतीने करायचं. हार्वर्डचे ट्यूटर निकोलस सीव्हर यांना विद्यार्थ्यांनी १७२४ मध्ये दिलेली, सोनार जॉन बर्टने घडवलेली जोडी डोळ्यांसमोर आहे. हुबेहूब नक्कल करायची नाही, आकाराचा ढंग तेवढा घ्यायचा. पद्धत मात्र जुनीच: दांडा उभा चिरल्यासारखा दोन अर्ध्यांत ओतायचा, अर्धे झाळून एक करायचे आणि वेगळ्या ओतलेल्या बैठकीवर तो बसवायचा. मी बोस्टनजवळच्या एका सामायिक वर्कशॉपमध्ये संध्याकाळी काम करतो. पत्र्याचं काम आणि झाळकाम हातात बसलेलं आहे, ओतकाम नवीन. कोणी हेच करायला घेणार असेल तर त्याचे पैसे आणि शनिवार-रविवार वाचावेत म्हणून या नोंदी.

१४ जानेवारी २०२४

आधी धातू. वसाहतीच्या काळात चांदीची खाण हाताशी नव्हती. गिऱ्हाईक स्पॅनिश डॉलर आणि घरातली मोडकी भांडी घेऊन सोनाराकडे जायचं, त्याचीच नवी वस्तू व्हायची. लंडनसारखी कस तपासून छाप मारणारी व्यवस्था इथे नव्हती, सोनाराचं नाव हीच हमी. आपणही मोड वितळवू, असं ठरवून एका घरसामानाच्या विक्रीतून विसाव्या शतकातल्या मेणबत्तीदानांची जोडी ६० डॉलरला आणली. तळाला ‘स्टर्लिंग’ (साडेब्याण्णव टक्के चांदी) आणि शेजारी ‘वेटेड’ असं कोरलेलं. जोडीचं वजन किलोच्या वर.

घरी येऊन करवत लावली. आत राखाडी सिमेंट आणि डांबरासारखा काळा लगदा, मध्ये लोखंडी सळई. चांदी म्हणजे नुसतं वरचं साल, बोटाने दाबलं की चेपणारं. साफ करून तोललं तर दोन्हींचं मिळून ९० ग्रॅमही भरेना. ‘वेटेड’ लिहिलेलं काहीही मोडीसाठी घेऊ नका. सुऱ्यांच्या पोकळ मुठींचंही तेच, आत भरण असतं. ‘स्टर्लिंग’ लिहिलेले चमचे आणि काटे घ्या, ते अख्खे चांदीचे असतात.

२८ जानेवारी

जुन्या वस्तू बघण्यात दोन आठवडे गेले, पण ते वाया गेले असं म्हणणार नाही. बोस्टनच्या जेरेमाया डमरने १६८६ च्या सुमारास केलेली जोडी येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. डमर हा जॉन हलचा शागीर्द, पाइनच्या झाडाचं शिलिंग पाडणारा तोच हल. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलियस किर्स्टेडेची जोडी मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तिच्यासोबत वात कातरायच्या कात्रीचा स्टँडसुद्धा. ही जुन्या वळणाची कामं: चांदीचा पत्रा वाकवून खांबासारखा दांडा करायचा आणि सांधा झाळायचा. पुढे इंग्लंडची फॅशन बदलली, खांब जाऊन गाठीगाठींचा दांडा आला आणि तो ओतायचा म्हणजे चांदी भरपूर लागायची. तेवढ्या चांदीत चहादाणी व्हायची. ज्यांना परवडायचं ते लंडनहूनच मागवायचे. त्यामुळे वसाहतीतल्या सोनारांचे टँकर्ड (झाकणाचे मोठे पेले) आणि चमचे ढिगाने दिसतात, मेणबत्तीदानं हातावर मोजावीत इतकी.

संग्रहालयं उंची देतात, पुष्कळदा वजनही देतात. भिंतीची जाडी कोणी देत नाही आणि ओतणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. ती वजनावरून काढता येते. माझ्या आराखड्याचं पृष्ठफळ साधारण १९० चौरस सेंटिमीटर. स्टर्लिंगची घनता १०.४ च्या आसपास. या आकाराचं मेणबत्तीदान बारा ट्रॉय औंसांत, म्हणजे ३७३ ग्रॅममध्ये करायचं तर सरासरी जाडी १.९ मि.मी. आली पाहिजे, आणि ती घासून-कानसून झाल्यावरची. तेव्हा ध्येय दोन मिलिमीटरच्या आत. आमच्या शिक्षिकेने आकडा बघितला आणि नुसतं ‘बरं’ म्हणाली.

१८ फेब्रुवारी

लाकडी नमुना झाला. तो रेतीत दाबून उचलला की मागे राहणारी पोकळी हाच ओतायचा साचा. बासवुडच्या दोन फळ्या, मध्ये कागद ठेवून सरसाने चिकटवल्या आणि लेथवर दांडा उतरवला. नंतर पातळ पटाशी घालून कागदावरून उकलला की दोन सारखे अर्धे मिळतात. त्याआधी आठ पैलू पाडून घेतले.

इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: फोड कोपऱ्यातून जाऊ द्यायची की पैलूच्या मधून? पैलूच्या मधून गेली तर सांधा सपाटीवर येतो, कानस फिरवायला सोपा. पण मग त्या पैलूंचे अर्धे तुकडे रेतीत उभ्या भिंतीसारखे राहतात आणि नमुना वर उचलताना रेती ओरबाडून आणतात. कोपऱ्यातून फोडलं तर कडेचे पैलू २२.५ अंश कललेले मिळतात आणि नमुना लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. तोटा हा की सांधा धारेवर येतो आणि कानस जरा जास्त लागली की धार बोथट. मी कोपरा निवडला. दोन्ही करून बघितलं तरी तोच निवडीन.

चांदीचा भाव २३ डॉलर औंसाच्या आसपास आहे. लागेल त्याच्या निम्मीच घेतली, बाकी ‘नंतर बघू’.

१० मार्च

लाकडाचा अर्धा आतून दोन मिलिमीटरपर्यंत पोखरणं अशक्य, मानेपाशी तुकडा पडतो. म्हणून लाकडावरून आधी शिसं नसलेल्या प्यूटरमध्ये, म्हणजे बहुतांश कथिलात, भरीव अर्धे ओतले आणि ते बर (फिरतं, दातेरी टोक) लावून आतून कोरले. कथील मऊ असल्यामुळे काम झपाझप होतं. बाहेरून जाडी मोजायला वाकड्या पायांचा कॅलिपर. मानेपाशी २, गाठीपाशी अडीच मि.मी. हे कवचच आता कायमचा नमुना: खालच्या पेटीतल्या रेतीत त्याची बाहेरची बाजू उमटते, वरच्या पेटीतली रेती त्याच्या पोटात शिरून आतली बाजू घडवते. वेगळा गाभा करावा लागत नाही.

कवच लाकडावरून आकसून निघतं, चांदी कवचावरून आणखी आकसते. मी लाकूड लांबीला २ मि.मी. वाढवून ठेवलं होतं, पुरलं.

२४ मार्च

तालीम म्हणून नमुन्यावरून कथीलच ओतून बघितलं. दोन्ही अर्धे पहिल्या फटक्यात आरशासारखे आले. पेढे वाटायचे राहिले होते.

१४ एप्रिल

चांदी ओतली. कथिलाच्या तालमीवर विसंबून राहू नका.

कथील अडीचशे अंशांच्या खालीच वितळतं आणि रमतगमत थिजतं. स्टर्लिंग पूर्ण पातळ व्हायला ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि थंड रेतीत दोन मिलिमीटरच्या फटीत शिरली की क्षणात गोठते. मी रस दांड्याच्या खालच्या टोकाकडून सोडला होता. गाठ भरली, मान अर्धी भरली आणि मेणबत्ती बसते ती वाटी आलीच नाही. मानेत जिथे रस थांबला तिथे काठ गोलसर, ओघळलेल्या तुपासारखा.

दुसऱ्या खेपेला रस जास्त तापवला. वाटी आली, पण पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि थिजताना ओकून टाकते, जास्त तापवली की जास्त पिते. शिवाय मी टॉर्चची ज्योत फार कडक ठेवली होती, ऑक्सिजन मीच पाजत होतो.

२८ एप्रिल

जमलं. काय बदललं ते नीट लिहून ठेवतो, कारण ही सगळी माहिती मला एका जागी कुठे मिळाली नाही.

रस टोकाकडून सोडायचा नाही. कडेने, सांध्याच्या रेषेवर दोन तोंडं दिली: एक गाठीवर, एक वाटीच्या खांद्यावर. आता चांदीला मानेतून अख्खा प्रवास करावा लागत नाही, दोन्हीकडून येऊन मानेत भेटते. वाटीच्या काठावर आणि मानेच्या माथ्यावर सायकलच्या स्पोकने हवा जायला वाटा पाडल्या. पेटी किंचित तिरकी, वाटीची बाजू वर. कवचाच्या आतल्या अंगाने मेणाचा पातळ थर चढवला, म्हणजे मानेची भिंत अडीच मि.मी. झाली. दोनचा हट्ट सोडला. मुशीत टाकणखार आणि वर कोळशाचा तुकडा तरंगत ठेवला, ज्योत मऊ, पिवळसर. चांदी मुशीत पाऱ्यासारखी लोळायला लागली की लगेच ओतायची, आणखी थोडी तापू दे म्हणत थांबायचं नाही. ओतताना धार तुटली तर तो अर्धा गेलाच समजा.

रेती तेलावर मळलेली, विकतची, दहा किलोच्या आसपास ७० डॉलर. तिचा जळकट वास केसांतून दोन दिवस जात नाही. जुने कारागीर पाण्याने ओलसर केलेली रेती वापरायचे. ते करायचं असेल तर साचा वाळवल्याशिवाय ओतू नका. वाफेने चांदी अंगावर उडते.

५ मे

अर्धे एकमेकांवर ठेवले तर मध्ये उजेड दिसतोय. ओतीव माल थोडा वाकतोच. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही अर्धे घासत बसलो. उजेड गेला, पण मोजलं तेव्हा कळलं की प्रत्येकी अर्धा मिलिमीटर उतरल्यामुळे दांडा एका दिशेने मिलिमीटरभर चपटा झालाय. डोळ्याला गाठीपाशी दिसत नाही, मानेपाशी दिसतो, आणि वाटी तर चक्क लांबट. लाकडी नमुना फोडल्यावर दोन्ही अर्ध्यांच्या सपाट बाजूला अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची पट्टी चिकटवायला हवी होती, म्हणजे घासायला माल राहिला असता. वाटी मँड्रेलवर (गोल लोखंडी दांड्यावर) चढवून लाकडी हातोडीने गोल केली. मानेचं काही करता येत नाही. ती तशीच राहणार.

१९ मे

उभा सांधा झाळायचा दिवस. अर्धे लोखंडी तारेने बांधले. सरळ तार घट्ट पिळली तर तापल्यावर चांदी तारेपेक्षा जास्त फुगते आणि तार लाल चांदीत रुतून वळ उठवते. हे माहीत होतं म्हणून प्रत्येक फेऱ्यात पक्कडीने इंग्रजी ‘Z’सारखी एक वाकडी घडी घातली. ती ताणली जाते, चांदीला चावत नाही.

झाळ काही केल्या सांध्यात उतरेना. बाहेर मणी होऊन बसायची. शेवटी नाशिकला काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते चाळीस वर्षं पेढीमागच्या खोलीत बसून चांदीचीच कामं करत आलेत. फोन स्टँडवर लावून त्यांना दाखवलं.

‘‘अरे, ज्योत झाळीवर कशाला धरतोस? ती मेली धावते तापाकडे. काम तापव, तिला विसर.’’

‘‘अहो काका, पण जाड आहे, ताप धरतच नाही.’’

‘‘मग आतनं तापव की! पोकळ आहे ना ते? खालनं ज्योत घाल, वरनं झाळ ओढून घेईल.’’

खालच्या उघड्या तोंडातून ज्योत आत सोडली. दांडा आतून लालसर झाला आणि बाहेर ठेवलेली कडक (जास्त तापावर वितळणारी) झाळ एका दमात वाटीपर्यंत चकाकत गेली. पिकलमध्ये, म्हणजे धुवायच्या सौम्य आम्लात, टाकायच्या आधी तारेचा प्रत्येक तुकडा काढा. लोखंड आत गेलं की सगळ्या चांदीवर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो.

आणि हो, फेब्रुवारीत ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली निम्मी चांदी. बैठकीला लागणार म्हणून परवा भाव बघितला तर ३१ च्या वर. ऐंशी-नव्वद डॉलर नुसत्या आळसाचे.

२ जून

सांधा कानसून झाला आणि बैठक बसवायच्या आधी दांडा पुन्हा तापवला, तर गाठीच्या एका पैलूवर काळे ठिपके उमटले. धुतल्यावर ठिपक्यांच्या जागी खड्डे, कीड लागल्यासारखे. ओतताना पडलेली भोकं नव्हती ती, कालपर्यंत तो पैलू गुळगुळीत होता.

कारण कानस. वर्कशॉपच्या सामायिक खणातल्या कानशीच्या दातांत कोणाच्या तरी प्यूटरचा चुरा अडकलेला होता, माझाही असू शकेल. कथिलाचा किंवा शिशाचा कण चांदीवर राहिला आणि ती लाल होईपर्यंत तापवली की तो वितळून चांदी खात आत उतरतो. घासून वरवर गेल्यासारखा दिसतो, पुढच्या तापात पुन्हा उगवतो. गोल बरने निरोगी धातू लागेपर्यंत खड्डे उकरले, त्यात चांदीच्या तारेचे तुकडे बसवून झाळले, परत कानसले. आख्खा वीकेंड गेला. आता चांदीच्या कानशींना लाल रंगाच्या मुठी आहेत आणि त्या माझ्या पिशवीत असतात. कथील आणि चांदी एकाच टेबलावर करत असाल तर आधी टेबल पुसा.

१६ जून

बैठक. ती एकसंध ओतली, मधोमध भोक, त्यात दांड्याचा पाय उतरतो. काठाचं नक्षीदार वळण जाड आणि मधला उतार पातळ, म्हणून पातळ भाग आधी थिजला आणि काठावर मागाहून खळगे पडले. रसाचं तोंड काठाकडे वळवलं आणि तिथेच रसाचा साठा म्हणून एक जाडजूड ढेप ठेवली. दुसरी बैठक चांगली आली.

दांडा बसवताना मध्यम झाळ, म्हणजे उभ्या सांध्याची कडक झाळ सुटत नाही. तरी सांध्याला गेरूचा लेप दिलाच. बैठक तापून किंचित फिरली, टेबलावर डुगडुगते. काचेवरच्या पॉलिश पेपरवर तळ घासून बसवली.

३० जून

पॉलिश करताना जांभळट-करडे ढग दिसायला लागले. स्टर्लिंगमध्ये साडेसात टक्के तांबं असतं. प्रत्येक तापात ते कातडीखाली काळवंडतं. बोरिक ॲसिड आणि स्पिरिटचा लेप मी सुरुवातीपासून द्यायला हवा होता, दिला फक्त शेवटच्या दोन झाळींना. ढग घासून काढायचे तर पैलूंच्या धारा जातात. तेव्हा उलटा उपाय केला: हलकं तापवायचं, पिकलमध्ये टाकायचं, पितळी ब्रशने घासायचं, पुन्हा तेच, वरती शुद्ध चांदीची पातळ साय धरेपर्यंत. मग प्यूमिसच्या बारीक भुकटीने हाताने. चकाकी आरशाची नाही, दुधट आहे. मोटरवरच्या बफने मिळते त्यापेक्षा मला हीच आवडली.

तळाला स्वतःची खूण ठोकली आणि ‘२०२४’ घातलं. जुन्या सोनारांच्या खुणेची नक्कल गंमत म्हणूनही करू नये, पुढे कोणाच्या तरी गळ्यात अस्सल म्हणून पडते. ‘स्टर्लिंग’ हा शब्द ठोकला नाही. अमेरिकेच्या कायद्याने तो ठोकायचा तर शेजारी नोंदवलेला ट्रेडमार्क किंवा स्वतःचं नाव लागतं, माझी खूण नोंदवलेली नाही.

वजन साडेतेरा ट्रॉय औंस, ४२० ग्रॅम. जाडी सरासरी २.१ मि.मी. निघते. ठरवलेल्यापेक्षा दीड औंस जास्त, आणि हा दीड औंस सगळा मानेत आणि बैठकीच्या काठात आहे, कॅलिपर लावून बघितलं. त्या काळी गिऱ्हाईकाने चांदीचे पैसे तोलून दिले असते आणि घडणावळ वेगळी, म्हणजे हा जादा दीड औंस त्याच्या खिशातून गेला असता. तळाला वजन ओरखडून ठेवायची पद्धत होती, मीही सुईने ओरखडलं.

खर्च, वर्कशॉपची फी सोडून: चांदी ५९० डॉलर (उरलेली आणि तोंडांची मोड साधारण सहा औंस परत हातात आहे), रेती ७०, कथील ४५, झाळ आणि गॅस ८०, मुशी आणि बर ५५, आणि ते सिमेंट ६०.

जोडी पुरी करायची आहे. दुसऱ्यासाठी लाकडी नमुना नव्याने करणार, फोडल्यावर सपाट बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची पट्टी चिकटवून, आणि कवच कोरताना काठ आतून पाव मिलिमीटरने उतरवणार. वाटी २२ मि.मी.चीच ठेवणार, इथल्या दुकानातली सरळ मेणबत्ती त्यात कागद न गुंडाळता बसते. जुलैभर भट्टीची खोली बंद आहे, चिमणी बदलतायत. पुढची नोंद ऑगस्टमध्ये.